मासे धरायचे, मोजायचे आणि परत सोडायचे: इंग्लंडच्या ट्रेंट नदीवर गळाची स्पर्धा कशी चालते?

मोबाईलवर असे व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिले असतील. नदीकाठी ठरावीक अंतरावर माणसं रांगेनं बसलेली, प्रत्येकाजवळ लांबलचक काठी. मासा लागला की पाण्यातल्या जाळीत टाकायचा, आणि शेवटी वजन करून सगळे मासे परत नदीत. आमच्या पारावर एकानं हे बघून विचारलं, "खायचं नाही तर धरायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून ही माहिती, आणि तीही ट्रेंट नदीची, कारण या खेळात ती अवघड नदी समजली जाते.

ट्रेंट मध्य इंग्लंडातली. लांबी सुमारे 298 किलोमीटर. स्टोक, नॉटिंगहॅम, न्यूआर्क ही गावं करत ती हंबर खाडीला मिळते. हा सगळा कोळशाच्या खाणींचा आणि कारखान्यांचा पट्टा, त्यामुळे इथं गळ टाकणारे मूळचे कामगार लोक. सॅमन आणि ट्राउट हे तिकडं मानाचे मासे. बाकीच्या रोच, ब्रीम, चब, पर्च, बार्बल वगैरेंना 'कोर्स फिश' म्हणतात, म्हणजे जाडेभरडे मासे. यातला बार्बल आपल्या खडस माशाच्या कुळातला, तसाच धारेला तोंड करून तळाशी राहणारा आणि ताकदीचा. वय 13 पासून पुढं कुणालाही गळ टाकायला सरकारी परवाना लागतो.

चिठ्ठीत निघेल ती जागा

काठावर नंबर घातलेल्या जागा असतात, त्यांना पेग म्हणतात. सकाळी सगळे जमले की चिठ्ठी काढायची. आपल्याकडं भावकीत जमिनीची वाटणी चिठ्ठ्या टाकून होते, अगदी तसंच. एखाद्याला डोहाच्या तोंडाची जागा मिळते, एखाद्याला मुरमाड उथळ धार. रडून उपयोग नाही. म्हणून बऱ्याच स्पर्धांत काठाचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागातल्या पहिल्यालाही बक्षीस ठेवतात, म्हणजे वाईट जागेवरच्या गड्याची लढत निदान शेजाऱ्यांशी तरी राहते.

सामान घेऊन जागेवर गेलं की पहिलं काम खोली मोजायचं. गळाला वजन अडकवून तळ चाचपतात. कुठं खड्डा, कुठं उंचवटा, धार कुठं संथ होते, हे शिट्टीच्या आत कळलं पाहिजे. चारा मात्र शिट्टी होईपर्यंत पाण्यात टाकता येत नाही. पावाचा चुरा, माशीच्या अळ्या, गांडूळ ही नेहमीची आमिषं. स्पर्धा साधारण 5 तासांची.

नदी अवघड का

वर पाऊस झाला की ट्रेंटला लोंढा येतो, पाणी गढूळ होतं, झाडांच्या फांद्या वाहत येतात. उन्हाळ्यात तीच नदी इतकी नितळ की मासा माणसाची सावली बघून बिचकतो. न्यूआर्कच्या खाली क्रॉमवेलच्या बंधाऱ्यापासून तर समुद्राची भरती-ओहोटी सुरू. तिथं पाणी मधेच थांबतं आणि उलटं वर चढायला लागतं. सकाळी लावलेली जाळी दुपारी कोरडी पडेल की काय, यावरही लक्ष ठेवावं लागतं. मोठ्या भरतीला गेन्सबरोच्या बाजूला एक लाटच नदीत उलटी चालत येते, तिला 'एगर' म्हणतात.

पुराच्या पाण्यात नवखा माणूस मधल्या धारेत गळ फेकतो. मासा तिथं नसतोच. तोही दमतो, म्हणून काठाच्या संथ पाण्यात सरकतो. गढूळ पाण्यात वास येणारं गांडूळ चालतं. नितळ पाण्यात बारीक दोरा, एखादी अळी आणि 20 नंबरचा गळ. नंबर वाढला की गळ लहान होतो, 20 नंबर म्हणजे जवळपास तांदळाचा दाणा.

जोराच्या धारेत जाळीच्या छोट्या डब्यात चारा भरून तो वजनासकट तळाला टाकतात. याला फीडर म्हणतात. इथली एक युक्ती मला फार आवडली. दोरा ताठ ठेवला तर धारेच्या जोरानं वजन तळावरून सुटतं. म्हणून मुद्दाम दोऱ्याला झोल देतात, पाण्यात त्याची कमान होते आणि वजन धरून राहतं. मासा लागला की वजन हलतं आणि काठीचं वाकलेलं टोक एकदम सरळ होतं. आपण टोक वाकायची वाट बघत बसतो, ते लोक सरळ व्हायची.

आता हिशेब बघा. 5 तास म्हणजे 300 मिनिटं. मिनिटाला 25 ग्रॅमचा एक मासा काढला तर साडेसात किलो होतात. 3 किलोचा बार्बल हा एकच मासा, आणि तो आलाच तर. म्हणून ज्याची जागा मोठ्या माशाची नाही, तो थोडा थोडा चारा सारखा टाकत बारके मासे ओढत राहतो. ज्याची आहे, त्यानं किती वेळ थांबायचं ते ठरवायचं. तिसऱ्या तासाला जाळी रिकामी असताना हा निर्णय घेणं हाच खरा खेळ. यात बॉब नड या इंग्रज गड्यानं 1990, 1991, 1994 आणि 1999 असं चार वेळा वैयक्तिक जगज्जेतेपद घेतलं.

नियमही कडक आहेत. पाण्यातली जाळी बिनगाठीची हवी, म्हणजे खवले निघत नाहीत, आणि लांबी निदान 2 मीटर. शिशाचे बारके छर्रे हंस गिळून मरायचे, म्हणून 1987 पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आणि 15 मार्च ते 15 जून नदीत गळच टाकायचा नाही, कारण तो अंडी घालायचा काळ. आपल्याकडं पहिल्या पावसाला गाभोळी भरलेले मासे ओढ्यानं वर चढतात तेव्हा आपण वलगणीला निघतो. मीही खाल्लेत, खोटं कशाला बोला. पण आमच्या नदीच्या एका डोहात कुणीतरी ब्लिचिंग पावडर टाकली, तेव्हा बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी होऊन वर आली होती. त्याला दोन पावसाळे झाले, डोहात अजून गळ हलत नाही.

पाच तास संपले की दुसरी शिट्टी. त्या वेळी गळाला लागलेला मासा धरायचा की नाही, हे प्रत्येक क्लबचं आधीच ठरलेलं असतं. मग काटेवाले एकेका जागेवर येतात. जाळी ओल्या झोळीत रिकामी करायची, तिपाईच्या काट्याला टांगायची, आकडा लिहायचा आणि मासे लगेच पाण्यात. बक्षिसाचे पैसे बहुतेक ठिकाणी सगळ्यांनी भरलेल्या वर्गणीतलेच.

हे सगळं पारावर सांगून झाल्यावर दुसरा प्रश्न आला, "काट्यात मारत नाहीत का?" कांदा विकणारा माणूस हेच विचारणार. तर तिथं काटा मासे धरणाऱ्याच्या समोर, त्याच्याच जागेवर लागतो, शेजारच्या पेगवालाही डोकावून बघत असतो. आकडा मोठ्यानं वाचल्याशिवाय झोळी खाली उतरत नाही.