कार्पेटला लाईट कमी पडत नाही

मत्स्यटाकीच्या तळाशी हिरवळीसारखं कार्पेट करायला लावलेलं मॉन्टे कार्लो पिवळं पडलं, हेअरग्रास विरळच राहिलं, क्यूबाचे पुंजके सुटून वर तरंगायला लागले, की दुकानदारापासून जुन्या जाणत्या हौशीपर्यंत सगळ्यांचं निदान ठरलेलं असतं: लाईट कमी पडतोय. मग दोन फुटी टाकीवर दुसरा एलईडी चढतो, आठ तासांचे दहा होतात आणि पंधरवड्यात पानापानावर शेवाळ धरतं. तेव्हा तोच सल्लागार सांगतो, लाईट कमी करा!

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. कार्पेटची झाडं टाकीच्या तळाशी असतात आणि दिव्यापासून जितकं खाली जावं तितका उजेड घटतो, हे खरंच. ग्लॉसोस्टिग्मा मंद उजेडात आडवं पसरायचं सोडून उंच वाढतं, हेही खरं. शिवाय सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आदर्श असतात त्या जपानच्या ताकाशी अमानो यांच्या टाक्या: लख्ख उजेड आणि काचेपासून काचेपर्यंत सलग हिरवळ.

पण अमानोंचा दाखला देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. माणूस मुळात छायाचित्रकार (त्याआधी तर सायकलच्या शर्यती खेळणारा). टाकीचा फोटो काढताना वरून फ्लॅशचा मारा करायचा. पुस्तकातल्या पानावरचा झगमगाट म्हणजे त्या टाकीचा रोजचा लाईट नव्हे. आणि त्यांच्या पद्धतीचा उगम दिव्यात नाहीच. सुरुवातीला त्यांनी टाकीत सोडा वॉटर ओतून पाहिलं, असं सांगतात. १९८२ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडणं हा त्या पद्धतीचा कणाच झाला. दिव्याची नक्कल सगळ्यांनी केली, गॅसची थोड्यांनीच.

वादाचा निकाल लावायला मात्र जपानला जायची गरज नाही. ड्राय स्टार्ट, म्हणजे पाणी न भरता केलेली लागवड बघावी. टिश्यू कल्चरचा कप उघडायचा, मुळांना चिकटलेली जेली धुऊन काढायची, गादीसारखा गोळा नखाएवढ्या पुंजक्यांत फोडायचा आणि लांब चिमट्याने एकेक पुंजका ओल्या सॉइलमध्ये तिरका खुपसायचा. चिमटा काढताना थोडा सैल सोडून हलवायचा, नाहीतर पुंजकाही त्याच्याबरोबर वर येतो. पाणी भरायचं नाही. सॉइल चिंब, पण वर डबकं नाही. टाकीच्या तोंडावर क्लिंग फिल्म, अधूनमधून फवारा. दिवा तोच, ज्याला सगळे अपुरा म्हणतात. तरी काही आठवड्यांत पुंजक्यांतून धुमारे सुटतात, एकमेकांत गुंततात आणि जमीन झाकून जाते. मग पाणी भरलं आणि गॅस दिला नाही, तर तेच भरलेलं कार्पेट बहुतेकदा विरघळायला लागतं. दिवा बदललेला नाही, त्याची उंचीही तीच. एक-दीड फूट स्वच्छ पाणी इतका उजेड खात नाही की भरभरून वाढणारं झाड मरावं. बदललं ते झाडाभोवतीचं माध्यम.

ही झाडं बहुतेक काठावरची. पाणी चढलं की बुडणारी, ओसरलं की उघड्यावर येणारी. नर्सरीतही त्यांना बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेतच वाढवतात. बाहेर कार्बन डायऑक्साइड पानापर्यंत सहज पोहोचतो. पाण्यात त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी मंद असतो. नुसत्या हवेच्या संपर्कातल्या २५ अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला असतो; सिलिंडर लावणारे ३० मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवतात. त्यातच बुडाल्यावर झाडाला जुनी, हवेतली पानं टाकून नवी, पातळ, पाण्यातली पानं घडवावी लागतात. शिल्लक साखर त्यात खर्च होते. नेमक्या याच काळात आपण दुसरा दिवा लावतो. काठावरच्या या झाडांपैकी बहुतेकांना पाण्यातला बायकार्बोनेट वापरता येत नाही, अनेक शेवाळांना येतो. वाढीव उजेडाची मेजवानी कुणाला मिळते हे वेगळं सांगायला नको.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो: गॅस लागतो मान्य, पण तो भरपूर उजेड असेल तरच; मंद दिव्याखाली गॅस वाया. हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं, पण प्रयोग उलट सांगतो. डेन्मार्कच्या ट्रोल्स अँडरसन आणि ओले पेडरसन यांनी २००२ मध्ये रिक्सियावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. रिक्सिया म्हणजे अमानो दगडांना बांधून ज्याची हिरवळ करत तेच. मंद उजेडातही नुसता कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर त्याची वाढ कित्येक पटींनी वाढली. कारण पानातल्या रुबिस्को या विकरात आहे. कार्बन कमी असला की ते ऑक्सिजनला धरतं आणि मिळालेल्या उजेडाचा काही भाग फुकट जातो. कार्बन मुबलक असला की तेवढ्याच उजेडात जास्त साखर तयार होते. म्हणजे उजेड कमी असेल तर गॅसची गरज कमी होत नाही, उलट गॅस तुटपुंज्या उजेडाचं मोल वाढवतो. दोन्ही वाढवले तर वाढ आणखी होते, हे त्याच अभ्यासात आहे. मी दिवे विझवा म्हणत नाही. ग्लॉसोस्टिग्मा आडवं राहील एवढा मध्यम उजेड, सुरुवातीला सहा तास, पुरे. दिवा वाढवायचाच तर नवी पानं स्थिरावल्यावर.

सिलिंडर घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. गॅसची पातळी रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर वरच्या थरात हिरवा, म्हणजे पुरेसा, दिसतो आणि तळाशी, दगडामागे पाणी हलतच नाही. तिथलं कार्पेट पिवळंच. फिल्टरचा झोत जमिनीवरून फिरला पाहिजे. आणि आपल्याकडचा मे महिना! पाणी ३१-३२ अंशांवर गेलं की गॅस कमी विरघळतो आणि झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो. तिथे पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. कोरड्या पुण्यात अधिक, दमट मुंबईत कमी.

ज्यांना सिलिंडर परवडत नाही किंवा नको आहे, त्यांनी क्यूबाचा हट्ट सोडावा. मार्सिलिया घ्यावं, त्यातली मिनुटा ही जात तर आपल्या भातखाचरांत तण म्हणून उगवते. किंवा श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन पार्व्हा. तिला जमीन झाकायला महिने नव्हे, वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, म्हणून लावतानाच दाट लावावी.