वरच्या दुधाचा इतिहास



आईच्या दुधाखेरीज तान्ह्या मुलास जे दूध पाजावयाचे, त्यास आपल्याकडे 'वरचे दूध' म्हणतात. शब्द मोठा सोयीचा आहे. गाईचे, म्हशीचे, शेळीचे आणि डब्यातील भुकटीचे अशी सारी दुधे त्याने एका पंक्तीस बसविली आहेत. आमच्या वसमत गावी हल्ली अनेक घरी असा वाद निघतो की, मुलास डब्याचे दूध चालू आहे, ते सोडवून गाईचे केव्हा सुरू करावे? आजी म्हणते, तिसऱ्या महिन्यापासूनच पाणी घालून द्या, आम्ही तुम्हांला तसेच वाढविले. सूनबाई म्हणतात, दोन वर्षे डबाच बरा. दोघींच्याही म्हणण्यामागे इतिहास आहे, आणि तो पाहिल्यावाचून या वादाचा निकाल लागावयाचा नाही.

ज्या मुलाची आई बाळंतपणात दगावली त्याचे काय करावे, हा प्रश्न फार पुरातन आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त आईचे दूध नसेल तर शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे असे सांगितले आहे, आणि ते औषधी मुळ्यांनी सिद्ध करून द्यावे असेही म्हटले आहे. कच्चे दूध जसेच्या तसे मुलास सोसत नाही, ही जाणीव तेव्हाही होती असे यावरून दिसते. पाजण्याचे साधन म्हणजे बोंडले. चांदीचे किंवा पितळेचे, एका बाजूस चोच काढलेले. जुन्या घरांतून ते अजून सापडते. त्याचा मोठा गुण असा की, ते उघडे असल्यामुळे हाताने घासून लख्ख करता येते. रबरी बोंडाच्या बाटलीस हे भाग्य लाभले नाही.

आता ज्या गाईच्या दुधाविषयी आपण बोलतो, ती गाय आमच्या भागात कोणती होती तेही पाहावे. नांदेड-परभणीकडची प्रसिद्ध गाय म्हणजे लाल कंधारी. परंतु तिची ख्याती बैलांसाठी. दुधाला ती बेताचीच, दिवसाकाठी सरासरी दोन-अडीच लिटरांच्या आसपास. घरचे खरे दुभते म्हैस. म्हणून आजीबाई ज्या 'पाणी घातलेल्या' दुधाची आठवण सांगतात, ते पुष्कळदा म्हशीचेच असावे असा माझा तर्क आहे. त्यात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट स्निग्धांश असतो, तेव्हा पाणी घालण्याची बुद्धी होणे स्वाभाविकच होते.

परंतु हे पाणी घालण्याचे गणित जमत नाही. मी आयुष्यभर मुलांना त्रैराशिक शिकविले, म्हणून आकडे सांगतो. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम आणि साखर सुमारे ७ ग्रॅम असते. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन ग्रॅमांहून थोडी अधिक आणि साखर पावणेपाचाच्या आसपास. स्निग्धांश दोन्हींत ४ ग्रॅमांच्या जवळपास. वासराचे वजन जन्मानंतर दीड महिन्यात दुप्पट होते, मनुष्याच्या मुलास त्याकरिता पाच महिने लागतात. निसर्गाने ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे दूध दिले आहे. गाईच्या दुधात निम्मे पाणी घातले तर प्रथिने बरीच खाली येतात, पण स्निग्धांशही निम्मा होतो आणि साखर तर फारच कमी पडते. साखर वरून घालता येईल, स्निग्धांश कोठून आणावयाचा? मूल पोटभर पिते आणि तरीही उपाशी राहते. शिवाय ते पाणी कोणत्या विहिरीचे, हा प्रश्न राहतोच.

युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी हेच कोडे सोडविण्यास घेतले. जर्मनीचे लीबिग यांनी १८६५ साली गव्हाचे पीठ, माल्ट, गाईचे दूध आणि थोडा क्षार यांचे एक शिशुअन्न प्रसिद्ध केले. पुस्तकात ते आईच्या दुधासारखेच होते; परंतु पॅरिसच्या एका प्रसूतितज्ज्ञाने ते चार अर्भकांना देऊन पाहिले, तेव्हा चारही दगावली. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडातील व्हेव्हे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध, पीठ व साखर यांची भुकटी विक्रीस काढली, आणि तिचा मात्र जगभर प्रसार झाला. पुढे अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉच यांनी प्रत्येक मुलास वयाप्रमाणे स्निग्धांश, साखर व प्रथिने शेकडा किती द्यावयाची याची सूत्रे बांधून दिली. डॉक्टर सूत्र लिहून देत आणि प्रयोगशाळेत त्याप्रमाणे दूध तयार होई. डब्यातील दुधास 'फॉर्म्युला' हे बीजगणितातले नाव पडले ते या सूत्रांवरून.

आपल्याकडे हा डबा मुंबईच्या बंदरातून आला. न्यूझीलंडच्या दुधाची 'ग्लॅक्सो' ही भुकटी विकण्याकरिता एच. जे. फॉस्टर आणि कंपनी १९२४ साली येथे नोंदली गेली. औषधांचा व्यापार त्या घराण्यात मागाहून आला. गुबगुबीत मुलाला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणण्याची रीत त्या जाहिरातींनी पाडली. आईविना पोरक्या झालेल्या मुलाचा आधार म्हणून जे अन्न निघाले, ते अशा रीतीने सधन घरच्या प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसले. स्वातंत्र्यानंतरही डबे परदेशातूनच येत. म्हशीच्या दुधाची भुकटी होणे शक्य नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत. परंतु गुजरातेत आणंदच्या सहकारी संघात श्री. दलाया यांनी ती करून दाखविली, आणि १९५५ साली तिचा कारखाना सुरू झाला. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न-तंत्रज्ञान संस्थेने म्हशीच्याच दुधापासून शिशुअन्न बनविण्याची कृती काढली व आणंदला ते तयार होऊ लागले. त्यातही गंमत अशी की, हजारो डब्यांतून जे निघाले ते पुन्हा आपल्या म्हशीचेच दूध.

डब्याने अनेक जीव वाचविले हे खरे, तसे अनेक घेतलेही. १९३९ साली सिंगापूर येथे डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 'दूध आणि खून' असे जळजळीत नाव देऊन व्याख्यान दिले. गोड घट्ट दुधाच्या डब्यांपायी मुले मरताना त्यांनी पाहिली होती. गरीब घरी डबा पुरवून पुरवून वापरावयाचा म्हणजे भुकटी चमचाभर कमी आणि पाणी वाढीव, तेही अस्वच्छ. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीवर निर्बंध घालणारी संहिता संमत केली. आपल्या महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, स्तनपानाच्या प्रसारासाठी झटणाऱ्या डॉक्टरांची भारतीय संघटना १९९१ च्या डिसेंबरात वर्धा येथे स्थापन झाली. लगोलग १९९२ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. तेव्हापासून डब्यावर आईचे वा बाळाचे चित्र छापण्यास मनाई आहे. ग्लॅक्सोच्या काळापासून डब्यावर हसणारे ते बाळ कायद्याने खाली उतरविले.

त्याच १९९२ साली अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पहिले वर्ष पुरे होईपर्यंत मुलास गाईचे दूध देऊ नये असे सांगितले. कारण तोवर असे दिसून आले होते की, गाईच्या दुधात लोह अत्यल्प, जे आहे तेही अंगी लागत नाही, आणि लहान मुलाच्या आतड्यातून त्यामुळे डोळ्यांस न दिसेल इतके रक्त झिरपत राहते. कोवळ्या मूत्रपिंडावर प्रथिनांचा व क्षारांचा भार पडतो तो निराळाच. आजीबाईंच्या तिसऱ्या महिन्याचा पक्ष येथे पडतो. सूनबाईंचा पक्षही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार, आईचे दूध मिळत नसल्यास सहाव्या महिन्यानंतर डब्याचे किंवा जनावराचे दूध चालते; परंतु वर्ष उलटल्यावर जनावराचेच द्यावे, पुढच्या वयाच्या खास डब्यांची गरज नाही. सहा ते बारा महिन्यांविषयी तज्ज्ञांत हा मतभेद आहे. लोहाची वाण ध्यानी घेता मला स्वतःला वर्षापर्यंत थांबणेच शहाणपणाचे वाटते.

आमच्या घरी नातीचा पहिला वाढदिवस झाला तेव्हा आम्ही असे केले. प्रथम चौथा हिस्सा गाईचे उकळून निववलेले दूध, पाणी न घालता, आणि तीन हिस्से तयार केलेले डब्याचे. दोन-तीन दिवसांनी निम्मेनिम्मे, आणि आठवड्याभरात सगळे गाईचे. काही मुले एकदम बदललेलेही घेतात. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दिले नाही, कारण दुधाने पोट भरले की मूल वरण, भाजी, भाकरी यांस तोंड लावीत नाही आणि रक्त कमी होते. अपुऱ्या दिवसांचे किंवा दूध न सोसणारे मूल असल्यास अर्थातच डॉक्टरांस विचारावे. आई अंगावर पाजीत असेल तर तिने दुसऱ्या वर्षीही खुशाल पाजावे.

बाटली मात्र त्याच दिवशी बंद केली. माझ्या आईचे पितळी बोंडले चिंच लावून घासले. पण नातीने ते हाती घेऊन फेकून दिले, आणि आजोबांच्या पेल्यातूनच पिण्याचा हट्ट धरला. रिकाम्या डब्यात आता यंदाची हळद भरून ठेवली आहे.