धार आणि जाळ

फाल्गुन सरता सरता, वैनगंगेच्या काठापासून इंद्रावतीच्या सीमेपर्यंत पसरलेल्या अरण्यात, पहाटेच्या निःशब्द वेळी मोहाची मांसल, फिकट फुले टपटप गळू लागली, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात – ज्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला – नांगराविना पिकणाऱ्या एका सुगीला आरंभ होई. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा स्वच्छ केलेली असे. उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन बाया-पोरे निघत, आणि वेचलेली फुले अंगणात वाळून तपकिरी झाली की वर्षाची बेगमी होई. वाळल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा. म्हणूनच दुष्काळात ते अन्न झाले आणि सुकाळात मद्य. गोंड-माडियांच्या घरी जन्म, विवाह, मृत्यू आणि देवकार्य यांपैकी काहीही त्या मद्यावाचून पुरे होत नसे.

ही दारू गाळणे वरवर सोपे दिसते. तसे ते नाही. फुले मडक्यात भिजवून आंबवावयाची. उन्हाळ्यात हा सडवा थोड्या दिवसांत तयार होतो, थंडीत रेंगाळतो, आणि ज्याला त्याचा वास व फसफस ओळखता येत नाही त्याच्या हाती एक तर गोडसर पाणी लागते, नाहीतर शिर्का. पुढे मडके चुलीवर चढवून तोंड झाकावयाचे, सांधा मातीने लिंपावयाचा आणि पोकळ बांबूची नळी थंड पाण्यात बसविलेल्या भांड्यात सोडावयाची. मद्यार्काची वाफ पाण्याच्या वाफेआधी उठते, म्हणून पहिली धार सर्वांत कडक. शहरात ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग थट्टेने करणाऱ्यांना त्यामागचे हे शास्त्र क्वचितच ठाऊक असते. पण जाळ किंचित वाढला, की सडवा उतू जाऊन थेट नळीत शिरतो आणि धार गढूळ होते. तळ लागला, की करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत सुटत नाही. भांड्याभोवतीचे पाणी तापले आणि कोणी बदलले नाही, तर दिवसभराच्या श्रमाचे फळ वाफ होऊन रानात निघून जाते. आणि लिंपण फुटले, तर बाहेर पडणारी तीच वाफ चुलीच्या ज्वाळेवर पेटते. तेव्हा फूल, मडके आणि प्रसंगी माणसाची कातडीही जाते. या सर्व अनर्थांवर उपाय एकच : सवड. मंद जाळापाशी बसून राहण्याची सवड असली, की भट्टी सहसा बिघडत नाही.

नेमकी तीच सवड सरकारने हिरावून घेतली, असे माझे मत आहे. मद्यावर राज्यसत्तेची नजर काही नवी नव्हे. परंतु सुराध्यक्षाचे कठोर नियम घालून देणाऱ्या कौटिल्यानेही कार्यप्रसंगी गृहस्थाला घरी सुरा करण्याची मोकळीक ठेवली होती. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला आणि आबकारी हे महसुलाचे भरभक्कम खाते बनले. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क मक्त्याने जाऊ लागला. ज्याची बोली मोठी त्याची भट्टी, आणि दारू गाळणाऱ्या कलार समाजाचे परंपरागत कसब लिलावाच्या हातोड्याखाली आले. तिकडे मुंबई इलाख्यात ठाणे-कुलाब्यासाठी 1892 चा मोहफुलांचा कायदा झाला, आणि दारू तर राहोच, फुलाचा साठाही सरकारी नजरेखाली आला. मध्यप्रांताच्या 1915 च्या आबकारी कायद्याने परवान्यावाचून पेटलेली चूल हा गुन्हा ठरविला. करपलेल्या सडव्यापेक्षा आबकारीच्या शिपायाचे पाऊल हे भट्टी बिघडण्याचे मोठे कारण झाले.

पुढची कथा सरळ नाही. महसुलासाठी दारू विकणारे सरकार गेले आणि 1949 चा मुंबईचा दारूबंदी कायदा कालांतराने विदर्भालाही लागू झाला. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आली, ती मात्र वरून लादलेली नव्हती. अभय व राणी बंग या डॉक्टर दांपत्यासह जिल्ह्यातील स्त्रियांनी आणि गावांनी ती झगडून मिळविली होती, आणि नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाताना पाहिलेल्या बाईपुढे देवकार्यातील मद्याची महती सांगण्याचे धैर्य मला तरी होणार नाही. चंद्रपुरात, म्हणजे जुन्या चांद्याच्या उरलेल्या भागात, 1 एप्रिल 2015 रोजी बंदी झाली आणि 2021 मध्ये उठलीही. मधल्या काळात 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मद्याचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार दिला; म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी हा प्रश्न, निदान कागदावर, पुन्हा गावाच्या पारावर आला.

भट्टी मात्र तोवर अंगणातून नाल्यात उतरली होती. मोहाच्या जोडीला गूळ आला, हातभट्टीवाल्यांचा नवसागर आला, मडक्याच्या जागी पत्र्याचे पिंप आले. विक्रीचा माल, तेव्हा रात्र सरण्याआधी तो निघालाच पाहिजे. झाडीत दोघे बसलेले असतात. एकाचे लक्ष धारेकडे, दुसऱ्याचे वाटेकडे, आणि जाळ हवा त्यापेक्षा थोडा मोठाच.