पित्तींचा पक्ष

हैदराबादचे धनिक आणि त्यांचे पक्ष म्हटलं, की हल्ली जून 2019 आठवतो. तेलुगू देशमचे राज्यसभेतले 4 खासदार एकाच दिवशी भाजपात गेले, त्यांत उद्योगपतीही होते. सत्ता बदलली की पैसा सरकतो, यात नवल ते काय! मला मात्र याच शहरातल्या पित्ती घराण्याचं नवल वाटतं. मारवाडी, धनाढ्य, वडील पन्नालाल यांच्या नावामागे निजामी अमदानीतला 'राजा' किताब. मुलगा बद्रीविशाल मात्र गेला डॉ. लोहियांकडे, म्हणजे सरळ विरोधी बाकांवर. लोहियांनी 1955 च्या अखेरीस नवा समाजवादी पक्ष काढला तो हैदराबादेतच. 1964 च्या विलीनीकरणात त्याचा संयुक्त समाजवादी पक्ष झाला. 1967 मध्ये त्याच पक्षातर्फे बद्रीविशाल महाराजगंजमधून आमदार झाले. लोहिया त्याच वर्षी गेले. पक्षाची पाटी बदलली, पण बद्रीविशाल लोहियांचेच राहिले. लोहियांची भाषणं छापली, 'कल्पना' हे हिंदी मासिक चालवलं. हुसेननी लोहियांच्या सांगण्यावरून रामायण रंगवायला घेतलं, त्या कामाला आसरा मिळाला तोही पित्तींच्याच घरी.