सृष्टि सहा दिवसांत कां?

यहुद्यांच्या तोरा ग्रंथाचा पहिलाच अध्याय वाचतांना विचारी वाचकाच्या मनांत एक शंका सहज उद्भवते. पहिल्या दिवशीं प्रकाश, तिसऱ्या दिवशीं भूमि व वनस्पति, चौथ्या दिवशीं सूर्यचंद्र, सहाव्या दिवशीं पशु आणि सर्वांच्या शेवटीं मनुष्य, असा सृष्टीचा क्रम तेथें सांगितला आहे. परंतु ज्याच्या शब्दमात्रें प्रकाश उत्पन्न झाला, त्या सर्वशक्तिमान ईश्वरास सहा दिवस कां लागावे? ही शंका परक्या टीकाकारांनींच काढली असें नाहीं. यहुदी पंडितांनीं ती स्वतः उपस्थित केली आहे, आणि त्यांचीं उत्तरें मोठीं मननीय आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें ग्रीक भाषेंत लिहिणारा फायलो म्हणतो कीं, काळाची गरज कर्त्यास नव्हती. निर्माण होणाऱ्या वस्तूंस क्रमाची गरज होती. सहाचे निम्मे तीन, तृतीयांश दोन व षष्ठांश एक. यांची बेरीज पुनः सहाच. म्हणून ती संख्या त्यास पूर्णतेची खूण वाटली. १२०४ सालीं निवर्तलेल्या मैमोनिदीसानें आपल्या अरबी ग्रंथांत निराळा मार्ग धरला. सर्व वस्तु एकदमच निर्माण झाल्या, त्या पृथक् मात्र क्रमानें झाल्या, असें त्याचें म्हणणें. त्यासाठीं जुन्या आचार्यांचा एक दृष्टांत तो देतो: शेतकरी नाना प्रकारचें बीं एकाच क्षणीं पेरतो, परंतु कोणतें एका दिवसानें उगवतें, कोणतें दोन दिवसांनीं, तर कोणतें तिसऱ्या दिवशीं.

या दोन्ही उत्तरांनीं तत्त्वज्ञाचें समाधान होईल. मनुष्यानें कसें वागावें हें मात्र त्यांतून निघत नाहीं. तें मिश्ना ग्रंथांत सांपडतें. त्यांतील ‘आवोत’ नामक प्रकरणांत म्हटलें आहे कीं, जग दहा वचनांनीं निर्माण झालें. एका वचनानें तें झालें नसतें काय? झालें असतें, पण दहा वचनांनीं उभें राहिलेलें जग बुडविणाऱ्या दुर्जनाचा अपराध मोठा ठरावा आणि तें सांभाळणाऱ्या सज्जनाचें पुण्य थोर ठरावें, म्हणून असें केलें. येथें प्रश्न ईश्वराच्या सामर्थ्याचा राहत नाहीं. तो मनुष्याच्या जबाबदारीचा होतो.

मिश्ना संकलित झाली ती इसवी सन २०० च्या सुमारास. त्यापूर्वीं, सन ७० मध्यें, रोमन सैन्यानें यरुशलेमचें मंदिर जाळलें होतें; १३२ ते १३५ च्या बंडानंतर यहूदियाची राखरांगोळी झाली होती. पिढ्यांनीं उभारलेलें थोड्या दिवसांत कसें नाहींसें होतें, हें त्या समाजानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्याच्या संग्रहांत हें वचन जपलें गेलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

सहा दिवसांच्या कार्यानंतरचा विसावा आमच्या कोंकणासहि अनोळखी नाहीं. तेल गाळणारे बेने इस्रायल शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. घडविण्यास क्रम लागतो, मोडण्यास लागत नाहीं. म्हणूनच जें हळूहळू घडलें तें जपण्याचें ऋण मनुष्यावर आहे, असें आम्ही समजतों.