साखर उद्योगास संरक्षण (सातारा–सांगली परिसर)

साखर उद्योगास संरक्षण (सातारा–सांगली परिसर) : परदेशी मालाच्या स्पर्धेमुळे किंवा भावांतील घसरणीमुळे अडचणीत आलेला देशी साखरधंदा आणि त्यास ऊस पुरविणारा शेतकरी यांना सरकारने आयात कर, किमान भाव, भागभांडवल, कर्जाची हमी इ. मार्गांनी दिलेला आधार. कृष्णा खोऱ्यातील सातारा व सांगली हे जिल्हे या धोरणाचे परिणाम अभ्यासण्यास विशेष सोयीचे आहेत. संस्थानी काळातील खासगी कारखाने, स्वातंत्र्योत्तर सहकारी कारखाने आणि अलीकडील ऊसदराची आंदोलने या तिन्ही अवस्था या एकाच टापूत पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी : ऊस हे कृष्णाकाठचे जुने पीक होय. एकोणिसाव्या शतकात कराडजवळ खोडशी येथे बंधारा बांधून कृष्णा कालवा काढण्यात आला व त्यामुळे बागायतीस स्थैर्य आले. तथापि या उसापासून मुख्यतः गूळच होत असे. गुऱ्हाळ हा शेतकऱ्याचा हंगामी गृहोद्योग होता आणि सांगली ही गुळाची व हळदीची मोठी पेठ होती. पांढरी साखर मात्र प्रामुख्याने जावा बेटातून येई. सुधारित जातीचा ऊस व मोठे कारखाने यांच्या बळावर जावाची साखर इतकी स्वस्त पडे, की १९३० च्या सुमारास भारताची आयात वर्षाला सु. दहा लाख टनांपर्यंत पोहोचली होती. त्यातच जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले व गुळाचा व्यवहारही तोट्यात गेला.

जकात संरक्षण : सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय आयोगाने (१९२१–२२) विवेचक संरक्षणाचे तत्त्व मांडले होते. उद्योगास नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून त्याची वाढ अशक्य असावी आणि कालांतराने त्यास संरक्षणाविना जगता यावे, अशा त्याच्या तीन कसोट्या होत्या. जकात मंडळाने १९३१ मध्ये साखरेविषयी अहवाल सादर केला व पंधरा वर्षांच्या संरक्षणाची शिफारस केली. या शिफारशीचा मुख्य आधार कारखानदाराचे हित हा नव्हता, तर ऊस पिकविणाऱ्या लक्षावधी शेतकऱ्यांचे हित हा होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्यानुसार साखर उद्योग (संरक्षण) अधिनियम १९३२ मध्ये संमत झाला. आयात साखरेवर दर हंड्रेडवेटमागे ७ रु. ४ आणे कर व त्यावर २५ टक्के अधिभार, असा एकूण ९ रु. १ आण्याचा भार पडू लागला. परिणाम त्वरित दिसून आला. १९३१–३२ मध्ये देशात सु. ३२ कारखाने होते. १९३६–३७ पर्यंत त्यांची संख्या १३७ झाली. साखरेचे उत्पादन सु. दीड लाख टनांवरून अकरा लाख टनांच्या आसपास गेले आणि आयात जवळजवळ थांबली. सरकारचे आयात करापासूनचे उत्पन्न त्यामुळे घटले. ते भरून काढण्यासाठी १९३४ मध्ये देशी साखरेवर उत्पादन शुल्क बसविण्यात आले. त्याच वर्षी उसाचा किमान भाव ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देणारा कायदाही झाला.

संरक्षणाचा लाभ घेऊन दख्खनमध्ये माळीनगर, वालचंदनगर, रावळगाव इ. ठिकाणी कारखाने उभे राहिले. फलटण संस्थानात साखरवाडी येथे कारखाना निघाला, तर सांगलीच्या शिरगावकर बंधूंनी १९३९ मध्ये उगार खुर्द (सध्या कर्नाटक राज्यात) येथे उगार शुगर वर्क्सची स्थापना केली. साताऱ्यातील पाडेगाव येथे १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. को ७४०, को ८६०३२ यांसारख्या वाणांच्या प्रसारात या केंद्राचा मोठा वाटा आहे (→ ऊस). संशोधनाचा हा आधार जकातीइतका डोळ्यांत भरणारा नसला, तरी अधिक टिकाऊ ठरला.

मर्यादा : दख्खनमधील अनेक खासगी कारखाने खंडाने घेतलेल्या विस्तीर्ण जमिनींवर स्वतःच ऊस पिकवीत. त्यामुळे जकातीने राखलेला नफा प्रामुख्याने कारखान्याकडेच राही. जमीन देणारा शेतकरी खंडाचा व अनेकदा मजुरीचा धनी होई. गुऱ्हाळमालकांस तर कोणतेही प्रत्यक्ष संरक्षण नव्हते. शेतकऱ्याच्या नावाने दिलेले संरक्षण शेतकऱ्यापर्यंत पोहोचते काय, हा प्रश्न अशा रीतीने प्रथमपासूनच उपस्थित झाला. जकात संरक्षण १९५० मध्ये संपुष्टात आले; प्रश्न मात्र उरला.

सहकाराचा मार्ग : या प्रश्नाचे एक उत्तर अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात मिळाले. धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता व विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. कारखान्याची मालकीच ऊस उत्पादकाकडे दिल्यास साखरेतील नफा उसाच्या भावातून त्याच्याकडे परतेल, हे त्यामागील तत्त्व होते. शासनाने भागभांडवलात सहभाग घेतला व कर्जास हमी दिली. परवाने देताना सहकारी संस्थांस अग्रक्रम मिळाला. सभासदांनी भाग घेतले आणि ऊसबिलातून ठेवी कापून दिल्या.

सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. १९४२ च्या लढ्यातून व प्रतिसरकारच्या चळवळीतून पुढे आलेले कार्यकर्ते येथे सहकाराकडे वळले, हे या भागाचे वैशिष्ट्य होय. वसंतदादा पाटील (१९१७–८९) यांच्या नेतृत्वाखाली सांगली येथे शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सांगली व मिरज यांच्या दरम्यान वसलेल्या विश्रामबाग या उपनगरापासून तो फार दूर नाही. कराड तालुक्यात रेठरे बुद्रुक येथे कृष्णा, वाळवे तालुक्यात साखराळे येथे राजारामबापू पाटील यांच्या पुढाकाराने, वाळवे येथे नागनाथ नायकवडी यांच्या आणि कुंडल येथे जी. डी. लाड यांच्या पुढाकाराने कारखाने निघाले. कारखान्यांबरोबर उपसा सिंचन योजना, रस्ते, शाळा व महाविद्यालये आली. कारखान्यांच्या संशोधनविषयक गरजेतून १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मांजरी (पुणे) येथील संस्थेस पुढे वसंतदादांचेच नाव देण्यात आले.

नियंत्रण व भाव : ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये कारखान्याने उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे असून विलंब झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. १९६७–६८ पासून कारखान्यांकडून साखरेचा ठरावीक हिस्सा शासन कमी दराने घेऊ लागले. या लेव्हीतून शिधापत्रिकेवरील साखर पुरविली जाई. म्हणजे उत्पादकास आधार व ग्राहकास स्वस्त साखर ही दोन्ही उद्दिष्टे एकाच पोत्यातून साधावयाची होती. १९९८ मध्ये परवाना पद्धती रद्द झाली. २००९ मध्ये वैधानिक किमान भावाच्या जागी रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) आला आणि रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर २०१३ मध्ये लेव्ही बंद करण्यात आली.

रास्त दर साखर उताऱ्याशी निगडित असतो. सांगली–कोल्हापूर पट्ट्यात उतारा १२ टक्क्यांच्या आसपास जात असल्याने येथील शेतकऱ्यास मूळ दराहून अधिक रक्कम मिळते. त्यामुळे वजन, उतारा व तोडणीखर्चाची कपात हे येथे नित्य वादाचे विषय असतात. दरासाठीच्या आंदोलनात नोव्हेंबर २०१२ मध्ये सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. ऊस पुरविणारा सभासद हाच कारखान्याचा मालक असताना त्याला दरासाठी रस्त्यावर यावे लागावे, ही घटना सहकाराच्या मूळ तत्त्वाबाबत विचार करावयास लावणारी आहे. ज्या सांगलीच्या कारखान्याने या परिसरास दिशा दाखविली, तोही कर्जाच्या बोजामुळे २०१७ मध्ये खासगी कंपनीस भाडेतत्त्वावर चालविण्यास द्यावा लागला.

अलीकडील धोरण : २०१८ मध्ये साखरेचे भाव घसरले तेव्हा आयात कर ५० वरून १०० टक्के करण्यात आला. जूनमध्ये साखरेचा किमान विक्री दर किलोस २९ रु. ठरविण्यात आला व फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ रु. झाला. उसाचा रास्त दर मात्र २०१८–१९ मधील क्विंटलमागे २७५ रुपयांवरून (१० टक्के उतारा) २०२५–२६ च्या हंगामासाठी ३५५ रुपयांपर्यंत (१०·२५ टक्के उतारा) वाढविण्यात आला. या दोहोंतील अंतर भरून काढण्यासाठी कारखाने इथेनॉल व सहवीजनिर्मिती यांवर अधिकाधिक अवलंबून राहू लागले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वातेमाला यांनी भारताच्या साखर अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निर्णय भारताविरुद्ध गेला. भारताने त्यावर अपील केले.

मूल्यमापन : संरक्षणामुळे देश साखरेच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला आणि कृष्णाकाठी ग्रामीण भांडवल उभे राहिले, हे निर्विवाद आहे. परंतु खात्रीचा भाव असलेले एकच पीक पाण्याकडे धावते. जत, आटपाडी, कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण तालुक्यांसाठी म्हैसाळ व टेंभू या योजनांचे पाणी मोलाचे आहे. तेथेही ऊस पसरल्यास त्या पाण्याचा लाभ थोड्यांपुरता मर्यादित राहण्याचा धोका संभवतो. भरड धान्ये व कडधान्ये पिकविणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यामागे कारखान्यासारखी बांधील खरेदी करणारी संस्था नाही आणि मराठवाड्यातून येणारा ऊसतोड मजूर या संरक्षणाच्या कक्षेत उशिरा व अपुरा आला. कालांतराने संरक्षणाविना जगता यावे, ही १९२२ ची तिसरी कसोटी साखरधंदा शंभर वर्षांनंतरही पूर्णपणे उतरलेला नाही. मात्र ज्या शेतकऱ्याच्या नावाने संरक्षण मागितले गेले, त्याच्या हाती त्यातील किती पडले, ही कसोटी आयोगाच्या यादीत नव्हती. सातारा–सांगलीचा अनुभव पाहता तीच अधिक महत्त्वाची ठरते.

(→ जकात, सहकार, साखर उद्योग)