पैठणाहून पश्चिमेस

गोखिवऱ्यापासून आगाशीपर्यंत वाडवळ घरांत पूर्वजांचे नाव काढले की वाट पैठणला जाते. नाथमहाराजांच्या कितीतरी आधी बिंबराजा तिथून उत्तर कोकणात आला, सोबत 66 कुळे होती, असे महिकावतीची बखर सांगते. तिच्यातली काही प्रकरणे केशवाचार्यांनी शके 1370 मध्ये रचली. राजवाड्यांनी ती 1924 साली छापली. कुळाचा मोठेपणा वाढवून सांगायची हौस जुनीच, म्हणून त्यातला प्रत्येक आकडा मी प्रमाण धरीत नाही. शिवाय तुंगारेश्वराच्या रानात वारली आणि खाडीकाठी कोळी आधीपासूनच होते; त्यांची वंशावळ कुणी लिहिली? पुढे फिरंग्यांच्या अमलात, 1534 ते 1739, कित्येक घरे ख्रिस्ती झाली. त्या घरांतही लग्नाची गाणी अजून वाडवळीतच म्हणतात.